चार फळ्या

पहिली फळी तिने डाव्या चाकाच्या रेषेत टाकली, बुटाच्या टाचेने पुढे सरकवली आणि स्पीडब्रेकरच्या पायथ्याशी नीट टेकवली. दुसरी उजवीकडे. मग ब्रेकर ओलांडून ती पलीकडे गेली आणि उरलेल्या दोन तिकडच्या उतारावर मांडल्या. सकाळचे साडेसात वाजत होते. कालव्याच्या चारीच्या पाण्यावरून धुकं वर येऊन रस्त्यावर पसरलं होतं. निळ्या गाडीच्या छतावर दव तसंच होतं.

मागे दुधाचा टेम्पो येऊन थांबला. त्याच्यामागे दोन मोटारसायकली. रस्ता दीड गाडीचा. एका अंगाला हौशीराम आबांच्या बंगल्याची दगडी भिंत आणि फाटक, दुसऱ्या अंगाला चारी, आणि ब्रेकरच्या पुढे पन्नास पावलांवर आंधळं वळण. कुणाला बाजूने निघायला वाट नव्हती. टेम्पोवाल्याने एकदा हॉर्न दिला. यशोधराने वळून पाहिलं नाही. वाकून तिसरी फळी बोटभर आत घेतली.

एसटीच्या थांब्यावर द्राक्षाच्या कामाला निघालेल्या बायका डबे मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांतली लंकाबाई वाडीतलीच, नात्याने चुलती.

"नवरीला बी एकच पाट लागतो गं," ती म्हणाली, "तुझ्या हिला चार."

बायका हसल्या. यशोधराही थोडी हसली, गाडीत बसली आणि पहिल्या गिअरमध्ये पुढे निघाली. पुढची चाकं फळ्यांवर चढली, ब्रेकरच्या माथ्यावर आली, उतरली. पोट आणि सिमेंट यांच्यात दोन बोटांचं अंतर राहिलं. ते तिला दिसत नव्हतं, पण तेवढा वेळ तिचा श्वास आपोआप थांबायचा. मागची चाकं उतरली, मग ती खाली उतरली, चारही फळ्या उचलल्या, चिखल झटकला आणि डिकीत गोणपाटावर ठेवल्या. सहा मिनिटं. संध्याकाळी परत येताना आणखी सहा. सात आठवडे हे असंच चाललं होतं.

यशोधरा जनावरांची डॉक्टर. दवाखाना निरगुडसरला, आणि फिरती पार पिंपरी पेंढारपर्यंत. आधी तिच्याकडे मोटारसायकल होती. आता ही दोन दारांची, दोन सीटची, जमिनीला पोट लावून बसलेली स्पोर्ट्स कार होती आणि तीच घेऊन ती गोठ्यागोठ्यात जायची. शेजारच्या सीटवर कृत्रिम रेतनाच्या कांड्यांचा कंटेनर असायचा, आत नायट्रोजन, बाहेरून सीटबेल्ट लावलेला. लोक वाकून काचेतून आत बघायचे आणि विचारायचे, हे पावणं कोण.

गाडी तिची नव्हती. म्हणजे कागदावर तिची होती, पण पसंत अण्णांनी केली होती.

अण्णा, भागुजी, एकतीस वर्षं हौशीराम आबांच्या गाडीवर ड्रायव्हर होते. आधी जीप, मग एकामागून एक पांढऱ्या मोटारी. गावातल्या बहुतेक नवरदेवांना त्यांनीच मारुतीच्या देवळापर्यंत नेलं होतं आणि मांडवाच्या बाहेर गाडीजवळ बसून जेवण केलं होतं. त्यांचं स्वतःचं एक रान होतं, गावकीच्या बदल्यात पणज्याला मिळालेला हाडोळ्याचा खडकाळ तुकडा. शंभर वर्षांत त्याच्याकडे कुणी वाकून पाहिलं नव्हतं. बायपासची आखणी आली ती नेमकी त्याच्या मधोमध. मोबदला मिळाल्यावर लोकांनी अण्णांना पुष्कळ सुचवलं. स्लॅब टाक, मंचरला गाळा घे, पोराच्या नावावर ठेव. अण्णांनी ऐकून घेतलं, आणि एका सकाळी इस्त्रीचा सदरा घालून लेकीला म्हणाले, चल पुण्याला.

शोरूममधल्या मुलाने त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, साहेब किती वाजता येणार आहेत. अण्णा म्हणाले, आले ना. मग त्यांनी ती निळी गाडी चालवून पाहिली. परत आणून उभी केल्यावर इंजिन बंद करून बराच वेळ आतच बसून राहिले. शेवटी मान वळवून मागे बघितलं.

"हिच्यात मागं सीटच न्हाई," ते म्हणाले. "बरं हाये."

गाडी यायला अडीच महिने लागणार होते. दोन महिने झाले तेव्हा, श्रावणातल्या एका सकाळी, अण्णा वर्तमानपत्र आणायला थांब्याकडे चालत निघाले होते. टोमॅटोच्या क्रेट भरलेलं पिकअप त्या आंधळ्या वळणावरून आलं आणि आबांच्या फाटकासमोर त्यांना उडवून निघून गेलं. ते पुन्हा कुणाला सापडलं नाही. एकतीस वर्षांत ज्यांच्या हातून गाडीला ओरखडा पडला नव्हता, ते पायी चालताना गेले.

अठराव्या दिवशी शोरूममधून फोन आला, भागुजी सर, तुमची गाडी तयार आहे. भाऊ राजरत्न म्हणाला, रद्द कर. तो ते समजुतीने म्हणाला होता. यशोधरा एसटीने पुण्याला गेली आणि येताना गाडी चालवत आली.

मग सगळ्यांनी सल्ला दिला की अशी वस्तू झाकून ठेवायची असते. जयंतीला काढावी, दसऱ्याला काढावी. शेणामुतात नेण्याची चीज नाही ही. ती दुसऱ्या दिवशी निरगुडसरला गेली, तिसऱ्या दिवशीही गेली. आई, द्रौपदा, यावर काहीच बोलली नाही. गाडीत मात्र ती एकदाही बसली नव्हती.

दिवाळी झाली आणि गावच्या ग्रुपवर आबांच्या नातवाने, स्वराजने लिहिलं की काही लोकांना पैशाची मस्ती आली आहे, फाटकासमोरून विमान चालवतात. खाली अंगठे पडले. यशोधरा त्या वळणावर वीसच्या वर कधी जातच नव्हती. जाऊ शकत नव्हती. पण कुणाला ते मोजायचं नव्हतं. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत ठराव झाला आणि तीन दिवसांत सिमेंटचा ब्रेकर तयार झाला. म्हशीच्या पाठीसारखा उंच आणि अरुंद. ट्रॅक्टरला काही नाही, जीपला काही नाही. तिची गाडी तेवढी पहिल्याच दिवशी मधोमध टेकली आणि खर्र असा लांब आवाज झाला. फाटकाच्या आत कुणीतरी हसलं. गाव त्याला 'डॉक्टरीणबाईचा ब्रेकर' म्हणू लागलं.

तिला वाटलं असतं तर मोटारसायकल होती अजून. गोठ्यामागे उभी होती, चालू स्थितीत.

---

"इमान आलं का?" निरगुडसरच्या गेणभाऊंनी गोठ्यातूनच विचारलं.

फळ्या त्यांच्याच. मोडक्या बैलगाडीचा साटा त्यांच्या परड्यात पडून होता. ब्रेकरची हकिकत ऐकल्यावर त्यांनी त्यातल्या जाड फळ्या कापून दिल्या होत्या, अडीच-अडीच फुटांच्या, डिकीत बसतील अशा. तेव्हापासून ते भेटेल त्याला सांगत, डॉक्टरीणबाईचं इमान आमच्या बैलगाडीच्या जिवावर चालतं.

गाय काल व्यायली होती आणि वासरामागून पडायचा जार पडला नव्हता. यशोधराने बाही वर केली, हातमोजा चढवला आणि शेपटी बाजूला धरायला सांगितलं. गेणभाऊ शेपटी धरून उभे राहिले आणि बोलत राहिले. फळ्या किती दिवस टिकतील, पावसाळ्यात फुगतील, खालून पत्रा मारून देऊ का. ती हं हं करत होती. हात खांद्यापर्यंत आत होता. गायीचं अंग तिच्या गालाला गरम लागत होतं.

"पण मी म्हन्तो," गेणभाऊ म्हणाले, "येवडं कशापायी? जाऊ द्या की गाडी. इका आन् एखादी उंच घ्या."

"विकली तर त्यांचा ब्रेकर कशाला राहील मग," ती म्हणाली.

गेणभाऊंना हसू आलं, पण ती हसत नाही असं पाहून त्यांनी ते आवरलं.

हात धुताना खिशातला फोन वाजला. दोन बोटांनी तो बाहेर काढून तिने कानाला लावला. पलीकडची मुलगी पाठ केल्यासारखी म्हणाली, भागुजी सर बोलतायत का, पहिल्या सर्व्हिसिंगची तारीख जवळ आली आहे.

यशोधराच्या हातावरून साबणाचं पाणी गळत होतं.

"बोला," ती म्हणाली.

---

संध्याकाळी दिवेलागणीला सावळेराम आला. हौशीराम आबांचा थोरला मुलगा, ग्रामपंचायतीचा सदस्य, आणि ठराव मांडणारा तोच. तो वाडीत या घरी पहिल्यांदाच येत होता. अण्णांच्या मातीलाही स्वतःच्या फाटकापर्यंतच आला होता. उंबऱ्याबाहेर क्षणभर थांबून त्याने पायातल्या वहाणा काढाव्यात की नाही याचा विचार केला, आणि काढल्या.

आई अंगणात फळ्या पुसत होती. रोज संध्याकाळी ती चारही फळ्या डिकीतून काढायची, ओल्या फडक्याने पुसायची आणि भिंतीला उभ्या करून ठेवायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. सावळेरामने त्या फळ्यांकडे पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

खुर्चीवर बसल्यावर त्याने आधी थंडीची गोष्ट काढली, मग कांद्याची, मग मढच्या एका पाहुण्याच्या बैलाची. यशोधरा वाट बघत राहिली. शेवटी तो मुद्द्यावर आला. आबांच्या मणक्याचं महिन्यापूर्वी ऑपरेशन झालं होतं. एक दिवसाआड नारायणगावला व्यायामाला न्यावं लागतं. गाडी कितीही हळू काढली तरी त्या ब्रेकरवर हिसका बसतो आणि म्हातारा ओरडतो. काल तर रडला. ब्रेकर काढायला हवा.

"मग काढा," यशोधरा म्हणाली.

"तसं न्हाई व्हत ना. ठराव आमीच केला. दोन म्हयन्यात आमीच काढला तर लोक त्वांड घालत्याल." त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "तू अर्ज दे. तुझ्या गाडीला त्रास व्हतो म्हणून. तुझ्या अर्जावर पंचायत काढून टाकंल. तुझंबी काम झालं, आमचंबी झालं. टाईप करून आणलाय, सहीच करायची हाये फक्त."

तिने कागद घेतला, दिव्याच्या उजेडात वाचला. 'माझ्या वाहनास होणारी अडचण विचारात घेऊन सदर गतिरोधक काढून टाकण्याची कृपा करावी, ही नम्र विनंती.' खाली तिचं नाव, आणि सहीसाठी ठिपक्यांची ओळ.

सावळेरामने खिशातलं पेन काढून टोपण उघडून ठेवलं.

खरं तर हे तिच्या सोयीचंच होतं. उद्या सकाळी उतरावं लागणार नाही, वाकावं लागणार नाही, मागे कुणी ताटकळणार नाही. एक सही. गावातल्या लोकांनाही कळेल की तिने विनंती केली, आणि गावाने मोठ्या मनाने ऐकली. सगळं पूर्वी जिथे होतं तिथे जाऊन बसेल.

"ठरावात काय लिहिलंय, सावळेरामतात्या?" तिने विचारलं.

"नेहमीचंच. त्याला काय."

तिने फोन काढला. पंचायतीच्या फळ्यावर लावलेल्या ठरावाचा फोटो तिच्याकडे होता. तिने तो मोठा केला आणि वाचला, सावकाश, गोठ्यात औषधाचं प्रमाण सांगावं तशी.

"'सदर वळणावर भरधाव वाहनांमुळे अपघात होऊन जीवितहानी होण्याची शक्यता असल्याने तेथे तातडीने गतिरोधक बसवण्यात यावा.'"

"बरोबर हाये की."

"बरोबरच आहे. मग तो काढा असं मी कशाला म्हणू?"

सावळेरामला ते नीट कळलं नाही. तो म्हणाला की तिला त्रास व्हावा हाच त्यातला उद्देश होता, आता लपवण्यासारखं काय आहे, पोरांची मस्ती म्हणून सोडून द्यावं. हे त्याने इतक्या मोकळेपणाने सांगितलं की यशोधराला क्षणभर त्याचा रागही आला नाही.

द्रौपदा आत आली होती. हात पदराला पुसत ती कपाटाजवळ गेली आणि एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. त्यात अण्णांचं जुनं लायसन होतं, एक बिल्ला होता आणि दोन कागद होते. कागद तिने सावळेरामच्या हातात दिले नाहीत. लेकीच्या हातात दिले.

यशोधराला ते माहीत नव्हते. तिने पहिला उलगडला. रेघांच्या वहीतलं पान, अण्णांचं तिरपं मोठं अक्षर. मालकांच्या फाटकासमोरील वळणावर गाड्या जोरात येतात, वाडीची मुलं शाळेत जाताना तिथूनच रस्ता ओलांडतात, तरी तिथे ब्रेकर व्हावा. खाली पंचायतीचा पोचेचा शिक्का. सहा वर्षांपूर्वीचा. दुसरा अर्ज तसाच, दोन वर्षांपूर्वीचा. त्यात एक ओळ जास्त होती. 'मी स्वतः ड्रायव्हर असून मला याची कल्पना आहे.'

तिने दोन्ही कागद पुन्हा पहिल्यापासून वाचले. मग गुडघ्यावर ठेवून त्यांच्या घड्या हाताने सपाट केल्या, जरी त्या आधीच सपाट होत्या.

"हे तुम्हाला ठाऊक होतं?"

सावळेराम पेनाचं टोपण लावत होता. "आबांला तवाबी पाठीचा त्रास व्हता," तो म्हणाला. "फाटकाम्होरं ब्रेकर नको म्हणले. म्हाताऱ्या माणसाचं कोण मोडणार."

"गाडी हेच चालवत व्हते त्येंची," द्रौपदा म्हणाली. सावळेरामसमोर ती इतक्या वर्षांत बहुधा पहिल्यांदाच बोलत होती, आणि बघत मात्र होती भिंतीकडे. "मालकाला म्हणले, ब्रेकर झाला तरी तुमाला हिसका बसू द्येनार न्हाई. मी हाये ना, पान्यावानी काढीन. ह्या घरात येऊन मला सांगितलं व्हतं, असं असं बोललो म्हणून."

बाहेर एक टिटवी ओरडत गेली.

यशोधराने सावळेरामचा टाइप केलेला कागद त्याच्या घडीवरच परत दुमडला आणि त्याच्यासमोर ठेवला.

"आमचा अर्ज तुमच्याकडे आहे," ती म्हणाली. "दोन आहेत. उशिरा झाला, पण मंजूर झाला. मी तो मागे घेणार नाही."

"म्हंजे तू जलमभर फळ्या टाकत बसनार?"

"हो."

"गाडी खिळखिळी व्हईल, यशोधरा."

"होऊ दे. रोज चालवायची गाडी आहे, कधीतरी होणारच."

"आन् आबा?" सावळेराम उठला होता. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "त्या म्हाताऱ्यानं तुमच्या घराला एकतीस वर्षं भाकर दिली."

द्रौपदाने मान वळवली, पण यशोधराने तिला बोलू दिलं नाही.

"ब्रेकरच्या अलीकडे उतरायचं आणि पलीकडे बसायचं," ती म्हणाली. "मी रोज उतरते. पायी जाणारं माणूस असतं त्या रस्त्यावर, आबांना सांगा."

सावळेराम गेला. कागद खुर्चीवरच राहिला. द्रौपदाने तो उचलून उलटसुलट बघितला. तिला अक्षरं लावत लावत वाचता यायचं, पण तिने वाचलं नाही.

"लई कडक बोललीस," ती म्हणाली.

"चुकलं?"

"तसं कुठं म्हनले मी." आईने कागद मुलीच्या हातात दिला. "आजारी हाये त्यो. येवडंच."

यशोधरा रात्री जेवली नाही. अण्णांचे दोन्ही कागद पिशवीत ठेवताना तिने दुसऱ्यातली ती जास्तीची ओळ आणखी एकदा वाचली.

---

दुसऱ्या दिवशी धुकं दाट होतं. तिने पहिल्या दोन फळ्या टाकल्या, ब्रेकर ओलांडला आणि पलीकडे वाकली, तेव्हा फाटक उघडल्याचा आवाज आला. आबांची मोठी पांढरी गाडी बाहेर येऊन तिच्या निळ्या गाडीच्या मागे उभी राहिली. स्वराज चालवत होता. हॉर्न वाजला नाही. थांब्यावर लंकाबाई डबा खाली ठेवून उठली.

मागचं दार उघडलं. आधी काठी बाहेर आली, मग पाय, मग कमरेला पट्टा बांधलेले हौशीराम आबा. स्वराज उतरून धरायला गेला. त्याला त्यांनी हातानेच थांबवलं आणि गाडीत बसायला लावलं. मग एकेक पाऊल मोजत ते निघाले, निळ्या गाडीच्या अंगाला हात न लावता, भिंतीच्या कडेने. ब्रेकरपाशी आल्यावर थांबले. म्हशीच्या पाठीसारख्या त्या सिमेंटवर पाय कसा ठेवायचा ते त्यांना कळेना. काठी घसरत होती. त्यांनी फळी पाहिली आणि काठी तिच्यावर टेकवून बघितली.

यशोधरा पलीकडच्या बाजूला उभी होती. पुढे होऊन तिने हात दिला नाही. त्यांनीही मागितला नाही.

ते अलीकडच्या फळीवरून वर चढले. माथ्यावर क्षणभर डुगडुगले. पलीकडची फळी नुकतीच मांडलेली, एका टोकाला उचललेली होती. त्यांनी पाय टाकला तशी ती हलली. यशोधराने बूट पुढे केला आणि फळीचं टोक दाबून धरलं.

तेवढ्यात वळणापलीकडून इंजिनाचा आवाज आला. क्रेट एकमेकांवर आपटत होते. आबांनी मान वर केली. ते रस्त्याच्या मधोमध होते, एक पाय फळीवर, एक सिमेंटवर, आणि त्यांना ना पुढे येता येत होतं, ना मागे जाता येत होतं.

पिकअप धुक्यातून वळणावर आलं. वळण घेण्याआधीच त्याचा वेग उतरला होता. या रस्त्याने जाणाऱ्या सगळ्यांनाच आता पुढे काय आहे ते ठाऊक झालं होतं. ते माणसाच्या चालीने पुढे सरकलं आणि दहा पावलांवर अलगद उभं राहिलं. ड्रायव्हर, अगदी कोवळा, खिडकीतून डोकं काढून बघत होता, की या म्हाताऱ्याचं नक्की काय चाललंय.

आबा पिकअपकडे बघत राहिले. त्याच्या पुढच्या बंपरकडे, टायरांकडे, मागच्या तांबड्या क्रेटकडे. बराच वेळ.

"थांबलं," ते म्हणाले.

"थांबतं, आबा," यशोधरा म्हणाली. "ब्रेकर असला की थांबतं."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. मागच्या गाडीत स्वराज दार उघडून अर्धा उतरला होता. पिकअपवाल्याने हाताने विचारलं, जाऊ का. यशोधराने तळवा दाखवून त्याला तिथेच थांबवलं. फळीवरचा पाय तिने उचलला नाही. आबांचं एक पाऊल अजून यायचं होतं.